सोळा अंक आणि दुसरी सही

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता वसुधा गेली. त्याच्या पुढच्या सोमवारी मी गणिताचा पेपर काढायला बसलो.

परीक्षेची तारीख आधीच ठरलेली होती. घरात पाहुणे होते. सगळे म्हणत होते, या वर्षी राहू द्या. पण टेबलाशी जाऊन बसण्याखेरीज मला दुसरे काही सुचत नव्हते.

आधी आमचे काम सांगतो. मी नांदेडच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालो. वसुधा, माझी पत्नी, इथल्याच एका शाळेत गणित शिकवायची. लातूरची एक संस्था दर वर्षी दहावी झालेल्या मुलामुलींची परीक्षा घेते. पन्नास प्रश्न, पन्नास गुण. जो पहिला येईल त्याचे लातुरातले अकरावी-बारावीचे शिक्षण, वसतिगृह आणि जेवण संस्था बघते. जागा एकच. तिच्यासाठी निलंग्यापासून किनवटपर्यंतची मुले येतात.

या परीक्षेचा पेपर एकोणीस वर्षे आम्ही दोघे मिळून करत होतो. मी पेपर सेटर, म्हणजे प्रश्न काढणारा. ती तपासनीस. आमची पद्धत साधी होती. मी प्रश्न लिहायचो, समासात उत्तर लिहायचो आणि उत्तरांवर एक जुने पोस्टकार्ड क्लिपने लावून कागद तिच्याकडे सरकवायचो. पोस्टकार्ड न उचलता तिने प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवायचा. मग उचलून बघायचे. जुळले तर टिक. नाही जुळले तर ती "तुम्ही चुकलात" असे कधी म्हणाली नाही. "अहो, तुमचं पोस्टकार्ड खोटं बोलतंय," एवढेच म्हणायची. शेवटी संस्थेच्या फॉर्मवर दोन सह्या व्हायच्या. एक सेटरची, एक तपासनिसाची.

आमचा एक खेळही होता. सकाळच्या चहाला एकाने दुसऱ्याला एक संख्या द्यायची. संध्याकाळपर्यंत त्या संख्येत काय खास आहे ते सांगायचे. कॅल्क्युलेटर वापरायचा नाही. शेजारचे काका म्हणायचे, "नवरा-बायको रोज आकडा लावतात, पण लागत कुणालाच नाही."

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी, शनिवारी, तिने रक्ताच्या रिपोर्टचा लिफाफा मागितला. मागच्या बाजूला आठ अंक लिहिले आणि माझ्या हातात दिला.

८६ ८२२ ७२३

"काय आहे यात?" मी विचारले.

"बघा की. घरी गेल्यावर सांगा."

घरी मी एकटा आलो. लिफाफा खिशात होता. त्या संख्येकडे बघायचे धैर्य मला झाले नाही.

पेपर काढताना अडतिसाव्या प्रश्नाला मला एक मोठी संख्या हवी होती. प्रश्न असा होता: पुढील संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव कोणता? मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही. २, ३, ५, ७, ११, १३ अशी ती माळ आहे. मूळ अवयव म्हणजे दिलेल्या संख्येला निःशेष भागणारी मूळ संख्या. पर्याय मी ठरवले होते: ७, ११, १३, १७. उत्तर १७ यावे अशी संख्या पाहिजे होती.

ते सोपे असते. आठ अंकी कोणतीही संख्या दोनदा सलग लिहा. जी सोळा अंकी संख्या तयार होते तिला १७ ने भाग जातोच. कारण दोनदा लिहिणे म्हणजे १०,००,००,००१ ने गुणणे, आणि ही संख्या १७ च्या पाढ्यात बसते. हुशार मुलगा 'आठ अंक दोनदा' हे ओळखतो आणि १७ वर पोचतो.

मला आठ अंक हवे होते. खिशात आठ अंक होते. मी ते दोनदा लिहिले. त्यांच्याशी खेळलो नाही, फक्त वापरले.

मग संस्थेकडून प्रूफ आले. प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायला येणारा नमुना. डीटीपी करणाऱ्याने वाचायला बरे म्हणून संख्येत स्वल्पविराम घातले होते: ८,६८,२२,७२,३८,६८,२२,७२३. आता ७, ११, १३ ने भाग जात नाही ना, एवढे बघायचे राहिले होते. हे काम नेहमी वसुधा करायची. त्यासाठी एक छान रीत आहे. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ होतो. म्हणून तीन अंकी कोणतीही संख्या दोनदा लिहा, समजा २४५२४५, तिला या तिघांनीही भाग जातो. याच गुणामुळे मोठ्या संख्येचे उजवीकडून गट पाडायचे, एक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, त्याच्या पुढचा पुन्हा मिळवायचा. शेवटी जो लहानसा आकडा उरतो, त्याला या तिघांपैकी ज्याने भाग जाईल त्यानेच त्या मोठ्या संख्येलाही जातो. गट केवढा पाडायचा, ते पुढे येईल.

मी केले. ८४१ उरले. ७ ने भागून १ उरतो, ११ ने ५, १३ ने ९. तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही. उत्तर १७.

समोर कुणी नव्हते. पोस्टकार्ड लावून कागद कुणाकडे सरकवायचा होता? फॉर्मवर मी माझी सही केली. खाली 'तपासनीस' लिहिले होते. तिथे तिचे नाव टाकून तिच्यासारखी सही केली. त्या क्षणी ते खोटे वाटले नाही. पेपरवर तिचे नाव राहावे, इतकेच वाटले.

परीक्षा झाली. आन्सर-की, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, जाहीर झाली. तिसऱ्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी बिराजदार यांचा लातूरहून फोन आला.

"सर, अडतिसाव्या प्रश्नाला ऑब्जेक्शन आलंय. इस्लापूरची पोरगी हाय, प्रणिता. म्हणती तेरा बरोबर हाय."

"तेरा नाही. मी तपासलं आहे."

"आम्ही बी बघावं म्हणलं, तर ऑफिसातल्या कॅल्क्युलेटरवर आकडाच मावंना. बारा अंकांचं हाय ते."

"तिनं काय लिहिलं आहे?"

बिराजदारांनी वाचून दाखवले. "प्रश्न क्रमांक अडतीस. पर्याय तेरा बरोबर आहे. मी भागून पाहिले आहे."

शेवटचे वाक्य मला झोंबले. मी प्रूफवरची आकडेमोड पुन्हा केली. पुन्हा ८४१.

"सुनावणी ठेवा," मी म्हणालो. "मी येतो."

"यावंच लागंल. एका मार्काचा खेळ हाय, सर. पयला पोरगा सत्तेचाळीसवर हाय, त्यानं सतरा लिवलंय. ही सेहेचाळीसवर."

नांदेडहून सकाळच्या एसटीने निघालो. लोह्याच्या पुढे प्रूफ काढून मी तिसऱ्यांदा तीच आकडेमोड केली. तेच उत्तर आले. चुकीची रीत तीनदा केली तरी तेच उत्तर देते, हे मी वर्गात मुलांना हजारदा सांगितले असेल.

संस्थेच्या ऑफिसात अकरा वाजता आम्ही चौघे होतो. बिराजदार, मी, प्रणिता आणि तिचे मामा. मामांचे इस्लापुरात मोटार वाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारींना नव्याने तार गुंडाळायचे, दुकान आहे. ते आदल्या दिवशी निघून, नांदेडला मुक्काम करून भाचीला घेऊन आले होते.

"तू सोळा अंकी भागाकार केलास?" मी प्रणिताला विचारले. आवाज थोडा चढलेलाच होता.

"न्हाई सर. आठच अंकी."

"का?"

"पुढचे आठ न् मागचे आठ एकच हायेत. मग एकालाच भाग देऊन बघितला. त्याला गेला म्हणजे सगळ्याला जाईल ना."

ते बरोबर होते. तरी प्रूफवरचे ८४१ माझ्या डोळ्यांसमोर होते.

"हजार एकची रीत माहीत आहे?"

"हाव."

"फळ्यावर कर. मीही करतो."

फळा मधोमध रेघ मारून वाटून घेतला. डावीकडे ती, उजवीकडे मी. खडू दोघांचेही चालू. मी प्रूफ बघून गट लिहिले, मिळवले, वजा केले. ८४१. मागे वळून बघितले. तिच्या बाजूला ६८९ होते.

"तेरा त्रेपन्नं सहाशे एकोणनव्वद," ती म्हणाली. "जातो."

बिराजदार चष्मा वर करून बघत होते. "काय वो सर, फळा एक, आकडा एक, आन् उत्तरं दोन?"

प्रणिता माझ्या बाजूकडे बघत उभी राहिली. एकेका गटावर तिची नजर जात होती. मग म्हणाली, "सर, रागावणार न्हाई ना?"

"नाही."

"तुम्ही स्वल्पविरामावर कापून राहिले. हजाराहजारावर कापायचं असतं."

माझ्या हातातला खडू तिथेच थांबला.

तिच्या बाजूला लिहिले होते: ८ ६८२ २७२ ३८६ ८२२ ७२३. माझ्या बाजूला: ८, ६८, २२, ७२, ३८, ६८, २२, ७२३. ही रीत चालते ती १००१ मुळे, म्हणजे हजारामुळे. म्हणून दर गटाला हजाराची पायरी पाहिजे, तीन-तीन अंकांची. आपले स्वल्पविराम मात्र पहिल्या हजारानंतर शंभरच्या पायऱ्यांनी चढतात. हजार, मग लाख, मग कोटी. पाच अंकांपर्यंत दोन्ही सारखेच दिसते, म्हणून चूक कळत नाही. सहाव्या अंकाला वाट फुटते. वसुधा मोठी संख्या कायम तीन-तीनचे गट सोडून, स्वल्पविराम न देता लिहायची. लिफाफ्यावरही तिने तसेच लिहिले होते: ८६ ८२२ ७२३. मी त्यावरून तिला चिडवायचो. ती म्हणायची, "स्वल्पविराम बोलायला, गट भागायला." एकोणीस वर्षे ऐकले आणि पहिल्याच एकट्या वर्षी विसरलो.

मी लिफाफ्यावरचे तीन गट मनात धरले. ७२३ मधून ८२२ गेले, उणे ९९. त्यात ८६ मिळवले. उणे १३. तेरा तिथे उघड्यावर बसलेले होते. दोन ओळींचे काम.

"तू बरोबर आहेस," मी म्हणालो. "उत्तर तेरा."

मामांनी सुस्कारा सोडला. "आमच्या धंद्यात बी असंच हाय, सर. एक वेढा चुकला की मोटार जळती."

बिराजदार मात्र खुर्चीत पुढे सरकले. "सर, माझं ऐका. प्रश्न रद्द करू. ज्यांला तो मार्क मिळाला न्हाई त्यांला त्याचा बोनस मार्क देऊ. कुणाचं नाव न्हाई, गाव न्हाई, वाद मिटला."

"मग दोघांचे सत्तेचाळीस होतात."

"व्हतात की."

"सारखे गुण झाले तर नियम काय?"

बिराजदार खाली बघत म्हणाले, "वयानं मोठा त्याला जागा. पोरगा चार महिन्यांनी मोठा हाय."

मामांना पटकन हिशेब कळला नाही. प्रणिताला मात्र कळला होता. ती खडूची भुकटी बोटांवरून पुसत राहिली.

"आन्सर-की बदलायची तर कारण लेखी पाहिजे," बिराजदार हळू आवाजात म्हणाले. "सेटर आन् तपासनीस, दोघांच्या सह्यांनी."

बोनस मार्क दिले तर माझी चूक झाकली जाणार होती आणि तिच्या नावापुढची सहीही. मी आधी प्रणिताकडे आणि मग दाराकडे बघितले, हे मान्य करतो.

तेवढ्यात प्रणिता म्हणाली, "सर, त्याला पुढं पण भाग जातो."

"कशाला?"

"आठ अंकीला." तिने घडी घातलेला परीक्षेतला कच्चा कागद काढला. "तेरानं भागल्यावर हे आलं, ६६७८६७१. मग मी सहज सतरानं बघितलं. जातो. हे आलं, ३९२८६३. मग घंटा झाली."

तेरा. सतरा. मी कागद घेतला नाही, फळ्याकडे गेलो. तेराच्या पुढची मूळ संख्या सतराच आहे. मनात काहीतरी हलले.

"एकोणीसनं बघ," मी म्हणालो.

ती भागायला लागली. मी तिच्या मागे उभा राहून तोंडी भागत होतो. २०६७७. बाकी शून्य.

"गेला!" ती म्हणाली.

"तेवीस!"

"तेवीसनं?" तिने भराभर भागले. "गेला सर! आठशे नव्व्याण्णव."

बिराजदारांनी आणलेला चहा टेबलावर तसाच निवत होता. मामा उभे राहिले होते. त्यांना काय चालले आहे ते कळत नव्हते, पण प्रत्येक शून्य बाकीला ते मान हलवत होते. कुणी ठरवल्याशिवाय चार मूळ संख्या अशा एकामागून एक येत नाहीत. आणि ठरवणारी कोण होती, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होते.

"आता आठशे नव्व्याण्णव," मी म्हणालो. "भागू नको. नुसती बघ."

ती बघत राहिली. "नऊशेला एक कमी."

"नऊशे म्हणजे?"

"तीस तीस." तिचे डोळे मोठे झाले. "तीसचा वर्ग वजा एकचा वर्ग. म्हणजे एकोणतीस गुणिले एकतीस!"

मी टाळी वाजवली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा, आणि त्या सोमवारनंतर पहिल्यांदा.

फळ्यावर सहा संख्या झाल्या: १३, १७, १९, २३, २९, ३१. तेरापासून एकतीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या. मधली एकही गाळलेली नाही, एकही दोनदा घेतलेली नाही. त्यांचा गुणाकार बरोबर आठ अंकी, ८६८२२७२३.

"सर," प्रणिता म्हणाली, "पयली तेरा हाय, शेवटची एकतीस. उलटी केली की तीच."

ते माझ्या लक्षात आले नव्हते. वसुधाने संख्या त्यासाठीच निवडली असणार. तिला अशा गोष्टी आवडायच्या. खाटेवर बसून, कागद न घेता, तिने तो गुणाकार मनात केला होता.

"लई भारी संख्या काढली, सर तुम्ही," प्रणिता म्हणाली.

"मी नाही काढली."

"मग कुणी?"

"तपासनिसांनी."

मी बिराजदारांकडे वळलो. "पेपर तपासला गेलेला नाही. दुसरी सही मी केली आहे. वसुधा तेव्हा नव्हती."

बिराजदारांनी चहाचा कप बशीत ठेवला. "ठाऊक हाय, सर. फॉर्म आला तवाच सही बघितली. मॅडमचा 'व' असा नसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? म्हणलं, सरांनी केलीय तर राहू द्या." थोडे थांबून ते म्हणाले, "माझं बी चुकलंच की वो."

मी कारण लिहून दिले. 'प्रश्न ३८. उत्तर १७ दिले होते, ते चूक. बरोबर उत्तर १३. चूक सेटरची. दुसरी तपासणी झालेली नव्हती.' खाली सही केली.

"दुसऱ्या जागी काय लिहू?" बिराजदारांनी विचारले.

"रिकामी ठेवा."

आन्सर-की बदलली. सत्तेचाळीस आणि सेहेचाळीस यांची जागा बदलली. प्रणिता लातुरात राहायला आली. त्या मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. ते बरेच बोलले. मी सगळे ऐकून घेतले. मग म्हणालो, तुमच्या मुलाने आठ अंक दोनदा आलेले ओळखले आणि तिथेच थांबला. मीही तिथेच थांबलो होतो. आम्ही दोघे एकाच जागी चुकलो. त्यांनी फोन ठेवला. मला त्या मुलाचे वाईट वाटते. चूक दुसऱ्याची होती आणि त्याला दोन आठवडे जागा आपली वाटत राहिली.

या व्यवसायातला धडा एका ओळीचा आहे. आपण लिहिलेले उत्तर आपण तपासू नये, आणि तपासले तर आपण ते तपासले असे म्हणू नये.

पुढच्या वर्षी संस्थेने मला सेटर ठेवले नाही. तपासनीस केले. पेपर आता लोह्याचे एक तरुण शिक्षक काढतात. माझ्याकडे कागद येतो तेव्हा समासातल्या उत्तरांवर पोस्टकार्ड लावलेले असते. ती अट मी घातली. मी प्रत्येक प्रश्न सोडवतो, मग पोस्टकार्ड उचलतो, मग दुसऱ्या जागी माझी सही करतो.

लिफाफा टेबलाच्या खणात आहे. वर तिच्या अक्षरात आठ अंक आहेत. खाली माझ्या अक्षरात सहा संख्या आहेत.